तीन साते एकवीस

मलेशियातल्या पेनांग बेटावरच्या जॉर्जटाउनमध्ये, चुलिया स्ट्रीटला येऊन मिळणाऱ्या एका बोळात, खिळे-मोळे, बिजागऱ्या, रंगाचे डबे आणि पत्र्याच्या बादल्या विकणारे एक दुकान आहे. दुकानासमोर, इथे जिला 'काकी लीमा' म्हणतात ती पाच फुटी ओसरी, ओसरीवर दोरखंडांची वेटोळी, आणि आत शिरून डोळे अंधाराला सरावले की मग गल्ल्यामागे बसलेले मालक दिसत. २०१५च्या जानेवारीत मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा ते अबॅकसवर हिशोब करत होते. वरच्या कप्प्यात दोन आणि खालच्या कप्प्यात पाच मणी असलेला, हाताच्या घामाने काळा पडलेला तो जुना चिनी अबॅकस होता. त्यांनी मान वर केली नाही. बेरीज पुरी झाली, आकडा वहीत उतरला, वही मिटली गेली, आणि मग ते मलय आणि इंग्रजीची सरमिसळ करत म्हणाले, "बोल, मिस. काय विकायला आणलेस?"

मी हिशोबाचे सॉफ्टवेअर विकायला नव्हे, सुरू करून द्यायला गेले होते. पण त्या प्रश्नाने मी वरमले हे खरे. १ एप्रिल २०१५पासून मलेशियात ६ टक्के वस्तू व सेवा कर लागू होणार होता. वर्षाला पाच लाख रिंगिटहून अधिक उलाढाल असलेल्या प्रत्येक व्यापाऱ्याला नोंदणी करणे, प्रत्येक बिलावर कर वेगळा दाखवणे, ठरलेल्या मुदतीत विवरण भरणे आणि सगळे कागद सात वर्षे सांभाळणे भाग होते. नवऱ्याच्या बायन लेपासमधल्या नोकरीमुळे मी इथे येऊन तीन वर्षे झाली होती, कराडच्या महाविद्यालयातली वाणिज्य शाखेची पदवी गाठीला होती, आणि एका छोट्या कंपनीला दुकानोदुकानी फिरून लोकांना शिकवणारी माणसे तातडीने हवी होती. असा योग जुळला.

कामावर पाठवण्याआधी आम्हाला दोन दिवसांचे प्रशिक्षण मिळाले. 'बदलाचे व्यवस्थापन' हा त्याचा विषय होता. त्यात मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या नावावर सांगितली जाणारी, त्यांच्या १९४७च्या लेखनापासून चालत आलेली त्रिसूत्री होती: गोठलेले आधी वितळवा, मग बदला, मग पुन्हा गोठवा. पेनांगमध्ये बर्फ फक्त वितळतो, तो पुन्हा गोठलेला कोणी पाहिलेला नाही, असे माझ्या शेजारी बसलेला तमिळ सहकारी पुटपुटला आणि आम्ही दोघे उगाच हसलो. प्रशिक्षणातले दुसरे गृहीतक मात्र मी गंभीरपणे वहीत लिहून घेतले होते. मालक जितका अधिक शिकलेला, तितका त्याचा बदलाला विरोध कमी, असे ते होते. पुढच्या सहा महिन्यांत मी साठेक दुकाने पाहिली, आणि ते वाक्य खोटे ठरले असे म्हणण्यापेक्षा, त्यातल्या 'शिकलेला' या शब्दाचा अर्थच मला ठाऊक नव्हता असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

पेनांगचे चिनी लोक एखाद्याच्या शिक्षणाबद्दल बोलताना तो किती शिकला हे नंतर सांगतात. त्याने कोणती पुस्तके वाचली हे आधी सांगतात. हॉकियन बोलीत त्याला दोनच जाती आहेत. 'आंगमो छे' म्हणजे लालकेस्यांची, अर्थात गोऱ्यांची पुस्तके वाचलेला, आणि 'तंगलांग छे' म्हणजे तांग लोकांची, आपली पुस्तके वाचलेला. दोघांचे आडनाव एक असेल, दोघे एकाच कुलमंदिरात पूर्वजांना उदबत्ती लावत असतील, घरी दोघे हॉकियनच बोलत असतील. तरी पहिल्याला चिनी वर्तमानपत्राचा मथळा वाचता येत नाही आणि दुसऱ्याला करखात्याचे पत्र वाचता येत नाही. एकाच घरात सख्खे भाऊ असे वाटले गेल्याची उदाहरणे इथे ढिगाने सापडतात. थोरल्याला दुकान सांभाळायचे म्हणून चिनी शाळा, धाकट्याला कचेरीत नोकरी लागावी म्हणून मिशनऱ्यांची इंग्रजी शाळा, असा बापाने केलेला तो हिशोब असे.

या हिशोबामागे राजकारणही होते. १९६१च्या शिक्षण कायद्याने चिनी माध्यमिक शाळांपुढे निवड ठेवली: सरकारी अनुदान हवे असेल तर माध्यम बदला, नाहीतर स्वतःच्या पैशावर चाला. १९६२ उजाडता उजाडता बहुतेक शाळांनी अनुदान घेतले आणि त्यांचे माध्यम इंग्रजी झाले. ज्यांनी नकार दिला त्या 'स्वतंत्र' चिनी शाळा म्हणून उरल्या. आज त्या देशभरात साठच्या आसपास आहेत, आणि १९७५पासून त्या स्वतःची सामायिक परीक्षा घेतात. माध्यम बदलू नये म्हणून लढणारे शिक्षकनेते लिम लियान गिओक यांचे नागरिकत्व सरकारने काढून घेतले. तिकडे सिंगापुरात चिनी माध्यमाचे नानयांग विद्यापीठ उभे राहावे म्हणून १९५४ साली सायकलरिक्षा ओढणाऱ्यांनी दिवसाची कमाई देऊन टाकली होती. पण त्या विद्यापीठाच्या पदवीला पहिली कित्येक वर्षे सरकारी मान्यताच नव्हती. चिनी पुस्तके वाचलेल्याला कचेरीचे दार बंद असल्यामुळे त्याला दुकानाशिवाय वाट नव्हती, ही साधी गोष्ट लक्षात घेतली नाही तर इथल्या छोट्या धंद्यात त्यांचीच गर्दी का दिसते, याचे उत्तर माणसे कन्फ्यूशियसमध्ये शोधू लागतात. आमच्या कंपनीतही ते उत्तर तयार होते. चिनी माणूस म्हणजे परंपरा, ज्येष्ठांचा मान, जुन्याला चिकटणे वगैरे. मला ते नेहमी आळशी उत्तर वाटत आले आहे.

खिळ्यांच्या दुकानाचे मालक, ज्यांना मी इथल्या रीतीप्रमाणे अंकल म्हणते, ते सहावी शिकलेले. त्यांची सहावी संपली आणि जिथे ते जाणार त्या शाळेचे माध्यम बदलले. इंग्रजी येत नसलेल्या चिनी आणि तमिळ शाळांच्या मुलांना तेव्हा 'रिमूव्ह' नावाच्या वर्गात एक जादा वर्ष बसवत असत. वडील म्हणाले, शिकलेले विसरण्यासाठी एक वर्ष फी कशाला भरायची, आणि मुलाला गल्ल्यावर बसवले. हे मला पुष्कळ उशिरा कळले. त्याआधी मला कळला तो त्यांचा हट्ट. सरकार त्या वेळी सॉफ्टवेअर घेणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांना एक हजार रिंगिटचे व्हाउचर देत होते. अर्ज मी भरून देणार होते, त्यांना फक्त सही आणि शिक्का द्यायचा होता. त्यांनी नकार दिला. पूर्ण किंमत रोख मोजली, वर पावती मागून घेतली. एक हजार रिंगिट म्हणजे त्यांच्यासाठी किरकोळ रक्कम नव्हती. खिळे ते तेव्हाही वजन करून विकत. मी तीनदा विचारल्यावर ते एवढेच म्हणाले, "सरकार फुकट देते तेव्हा बदल्यात काय घेते, ते दहा वर्षांनी कळते." आमच्या अहवालात अशा ग्राहकांसाठी एक रकाना होता, 'जागरूकतेचा अभाव'. मी त्यात खूण केली, आणि त्या खुणेची मला आजही लाज वाटते. अनुदान घेतलेल्या शाळेने त्यांचे शिक्षण संपवले होते. अनुदानाबद्दल त्यांच्याइतका जागरूक माणूस मला त्या वर्षी दुसरा भेटला नाही.

याच काळात माझ्याकडे दुसरे एक दुकान होते, छपाई आणि लेखनसामग्रीचे. त्याचे मालक इंग्रजी शाळेत शिकलेले. १९७०पासून इंग्रजी शाळा एकेक इयत्ता करत मलय होत गेल्या, त्यामुळे संपूर्ण शिक्षण इंग्रजीत झालेली ही शेवटचीच पिढी. त्यांनी आमची पुस्तिका एका रात्रीत वाचली, दुसऱ्या दिवशी मला पाच नेमके प्रश्न विचारले, व्हाउचर घेतले, हॉटेलातल्या चर्चासत्राला जाऊन आले आणि पंधरा दिवसांत संगणक, स्कॅनर, बिल छापायचे यंत्र असे सगळे मांडून मोकळे झाले. आमच्या साहेबांनी त्यांचा फोटो काढून भिंतीवर लावला. मीही खूश होते. जुलैमध्ये पहिले तिमाही विवरण भरायला बसलो तेव्हा दिसले की एप्रिल, मे, जून या तिन्ही महिन्यांत खरेदीच्या नोंदी प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या दिवशी एकरकमी केलेल्या होत्या. खरा हिशोब खाली गल्ल्यावर बसणाऱ्या वयस्क बाईंच्या वहीत होता, चिनी लिपीत. कागदाचे आणि शाईचे जुने पुरवठादार हाताने चिनीत बिले लिहून देत. बाई त्यांवरून वही लिहीत आणि महिनाअखेरीस मालकांना तोंडी बेरीज सांगत.

मालकांनी ती वही हातात घेतली, दोन पाने उलटली आणि माझ्याकडे दिली. त्यांना ती वाचता येत नव्हती. तीस वर्षे त्यांच्याच दुकानात, त्यांच्याच पैशांची लिहिलेली वही होती ती. ते रागावले नाहीत; चष्मा काढून पुसत राहिले. बदल त्यांनी स्वीकारला होता यात शंका नाही, पण तो इंग्रजीत स्वीकारला होता आणि पहिल्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीतच राहिला होता. खाली उतरायला त्याच्याजवळ भाषाच नव्हती. बाईंना दोष देण्यातही अर्थ नव्हता. त्यांना कोणी समजावलेच नव्हते, कारण समजावणारी मी होते आणि मला इंग्रजीखेरीज बाजारापुरते मलय येत होते.

मला तेव्हा माझेच एक जुने कोडे उलगडल्यासारखे झाले. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. अकरावीत पुस्तपालन मराठीतून शिकले आणि पदवीला तेच इंग्रजीतून. आज पंधरा वर्षे डेबिट-क्रेडिट म्हणत आले आहे, पण ताळा जुळेना झाला की मनात आपोआप नावे आणि जमा असे शब्द येतात, कीर्द आणि खतावणी डोळ्यांपुढे उभ्या राहतात, आणि गुणाकार तर मी एकदाही दुसऱ्या भाषेत केलेला नाही. माणूस सही कोणत्याही भाषेत करतो. शंका मात्र त्याला ज्या भाषेत पाढे पाठ केले त्याच भाषेत येते. शंका आली नाही तर बदल पटला असे आपण समजतो, आणि तिथेच फसतो. छपाईवाल्यांकडे शंका विचारणारे कोणी नव्हते, कारण ज्यांना शंका येणार होत्या त्या बाईंपर्यंत प्रश्न पोहोचलाच नव्हता.

अंकलकडे मात्र शंकांचा सुकाळ होता. एप्रिलभर त्यांनी दोन्ही हिशोब ठेवले. दिवसभर मुलगी संगणकावर नोंदी करी; संध्याकाळी शटर अर्धे ओढून ते वही आणि अबॅकस घेऊन बसत आणि यंत्राचा प्रत्येक आकडा पडताळत. मला याचा वैताग येई. एके दिवशी त्यांचा फोन आला, "तुझे यंत्र चोरी करते." मी धावत गेले. एक रिंगिट पंचाहत्तर सेनच्या तीन वेगवेगळ्या वस्तूंचे बिल होते. यंत्राने प्रत्येक ओळीवर सहा टक्के काढले, साडेदहा सेन आले, त्याचे अकरा केले, आणि तिन्हींचे मिळून तेहेतीस सेन कर लावला. अंकलनी पाच रिंगिट पंचवीस सेनच्या एकूण रकमेवर सहा टक्के काढले होते; ते साडेएकतीस, म्हणजे फार तर बत्तीस. एका सेनचा फरक. तो सॉफ्टवेअरमधल्या एका पर्यायावर अवलंबून असतो आणि पर्याय बदलला की जातो, हे मी सांगितले. ते म्हणाले, "मग आधी का नाही सांगितलेस?" मी सांगितले नव्हते, कारण त्याआधी भेटलेल्या चाळीस दुकानदारांपैकी कोणालाही ते दिसले नव्हते. त्या दिवशी त्यांनी मुलीला मँडरिनमध्ये काहीतरी सुनावले आणि ती हसत सुटली. तिने मला अर्थ सांगितला: तीन साते एकवीस आहेत की नाहीत हेही न पाहता उडी मारणे, असा त्यांच्याकडे वाक्प्रचार आहे, पुढचा-मागचा विचार न करणाऱ्यासाठी तो वापरतात. 'सान छी अर शी यी.' मी तिला 'तीन साते एकवीस' म्हणून दाखवले. अंकलना ती लय ओळखीची वाटली असावी, कारण त्यांनी ते दोनदा म्हणायला लावले, आणि त्यानंतर माझ्यासाठी ओसरीवरच्या कोपीवाल्याकडून कोपी, म्हणजे इथली कॉफी, येऊ लागली.

मुलीबद्दल सांगायला हवे. ज्यांची स्वतःची शाळा माध्यमापायी सुटली, त्यांनी मुलीला फी भरून स्वतंत्र चिनी शाळेत घातले. तिथल्या परीक्षेला सरकारी विद्यापीठे तेव्हा प्रवेशासाठी मानत नव्हती, म्हणून ती अनेकांप्रमाणे तैवानला जाऊन शिकली आणि परत येऊन बापाच्या दुकानात बसली. तिने जे केले ते आमच्या कोणत्याही पुस्तिकेत नव्हते. पेनांगच्या चिनी व्यापारी मंडळाच्या, जे १९०३पासून आहे, मँडरिनमधल्या कार्यशाळेला ती वडिलांना घेऊन गेली. तिथे एका लेखापालाने दोन तास फळ्यावर लिहून सगळे समजावले, आणि आठ आठवडे मला ऐकवलेल्या अंकलच्या निम्म्या हरकती त्या दोन तासांत गळून पडल्या. मग तिने करांच्या सांकेतिक अक्षरांचा एक तक्ता चिनीत केला, तो वीचॅटवर पुरवठादारांना पाठवला, आणि जूनपर्यंत त्या बोळातली आणखी चार दुकाने तिच्या तक्त्यावर चालू लागली. त्या चारांपैकी एकालाही मी पटवू शकले नव्हते.

याचा अर्थ चिनी पुस्तके वाचलेले शहाणे आणि इंग्रजी वाचलेले पोकळ, असा नाही. अंकल एका ठिकाणी अडले ते अडलेच. त्या करात असा नियम होता की पुरवठादाराचे पैसे सहा महिन्यांत चुकते झाले नाहीत तर त्या खरेदीवर घेतलेली कराची वजावट परत करायची. हॉकियन व्यापारात ज्याला 'सिनयोंग' म्हणतात, आणि ज्याला आपल्याकडे पत हा नेमका शब्द आहे, त्यावर त्यांचे जुने व्यवहार चालत. उधारी चिनी नववर्षाआधी फेडायची, मधे कोणी कोणाला तारीख विचारायची नाही, विचारणे म्हणजे अविश्वास. आता यंत्र दर महिन्याला थकलेल्या बिलांची यादी छापून दाखवू लागले. अंकल ती यादी उपडी ठेवत. दोन पुरवठादारांचे पैसे त्यांनी मुदतीआधी फेडून टाकले, पण ज्या मित्राकडून रंग येत असे त्याला ते कधीच काही बोलले नाहीत आणि वजावट निमूट परत भरत राहिले. छपाईवाल्यांनी उलट पहिल्याच महिन्यात सगळ्या पुरवठादारांना मुदतीचे पत्र धाडले. ते इंग्रजीत होते, म्हणून दोघांनी ते वाचलेच नाही, ही गोष्ट वेगळी. पण एका मोठ्या गिरणीशी त्यांचा नव्याने करार झाला तो त्या पत्रामुळेच. बँकेचे कर्ज, शासनाच्या योजना, परगावचा ग्राहक, जिथे अनोळखी माणसाशी कागदावर बोलायचे असते तिथे ते अंकलच्या कितीतरी पुढे होते. वही वाचता येत नाही हे कळल्यावर त्यांनी आणखी एक केले, ज्याचे मला कौतुक वाटते. त्यांनी बाईंना वर बोलावले नाही. स्वतः रोज संध्याकाळी खाली जाऊन त्यांच्या शेजारी बसू लागले, बाई वाचत आणि ते टंकत.

९ मे २०१८च्या निवडणुकीत सरकार बदलले, १ जूनला कराचा दर शून्यावर आला, आणि सप्टेंबरात जुना विक्री व सेवा कर परतला. आमच्या कंपनीचे फोन महिनाभर रद्द करण्यासाठीच वाजत होते. अंकलनी रद्द केले नाही. कर गेला असला तरी कोणता खिळा किती खपतो हे आता त्यांना रोज दिसत होते, आणि तीन वर्षे एक सेनही चुकला नव्हता. छपाईवाल्यांनी रद्द केले, कारण बाई निवृत्त झाल्या होत्या आणि संध्याकाळची ती बैठक मोडली होती.

१ ऑगस्ट २०२४पासून मोठ्या कंपन्यांपासून सुरुवात करत इ-बीजकाची (इ-इन्व्हॉइसची) पद्धत टप्प्याटप्प्याने आली, आणि मी पुन्हा बोळाबोळांतून फिरू लागले. खिळ्यांच्या दुकानात आता मुलगी मालक आहे. तिने स्वतःच्या मुलाला मात्र इंग्रजी माध्यमाच्या आंतरराष्ट्रीय शाळेत घातले आहे, आणि याबद्दल मी तिला काही विचारले नाही, कारण माझाही मुलगा त्याच माध्यमात आहे. गेल्या सुट्टीत मी गेले तेव्हा तो मुलगा आजोबांच्या जुन्या वह्यांमधली पुरवठादारांची येणी-देणी संगणकात भरत होता. अंकल ओसरीवर वेताच्या खुर्चीत झोपले होते. वह्यांत आकडे जुन्या व्यापारी अंकांत लिहिलेले असतात, ज्यांत एक, दोन, तीन म्हणजे उभ्या रेघा आणि पुढचे अंक वेगळेच. मुलगा एका पानावर अडला. त्याने आईला हाक मारली, पण ती वरच्या माळ्यावर माल मोजत होती.

"आंटी, ही फुली म्हणजे रक्कम खोडली आहे का?" त्याने इंग्रजीत विचारले.

मी वाकून पाहिले. खोडलेले नव्हते. तो चार होता.

"चार," मी म्हटले. "आणि खालच्या ओळीतलाही."